एमजीबीचा गिअरबॉक्स बदलण्याआधी मागचा अ‍ॅक्सल मोजा

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. जगभरात आजही तिचे मालक ती हौसेने चालवतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते: हायवेवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन फार ओरडतं. तक्रार खरी आहे. चौथ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,४७० फेरे घेत असतं. मग कोणी पाच गिअरचा बॉक्स बसवतो, कोणी मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन (एका मोठ्या आणि एका लहान दातेरी चाकाची जोडी) बदलतो, तर कोणी थेट रोव्हरचं व्ही-८ इंजिनच घालतो. यातली प्रत्येक गोष्ट सुटी खरेदी समजून केली की पैसे जातात आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांचा निर्णय एकच असतो, आणि तो कागद-पेन्सिलीने आधी घेता येतो.

इंजिनचे फेरे चाकापर्यंत पोचताना दोनदा कमी होतात. आधी गिअरबॉक्समध्ये, मग अ‍ॅक्सलमध्ये. एमजीबीच्या पिनियनला ११ दाते आहेत आणि क्राउन व्हीलला ४३. म्हणजे पिनियन ३.९०९ वेळा फिरलं की क्राउन व्हील एकदा फिरतं. ११ आणि ४३ यांना एक सोडून समान विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा तोच दाता क्राउनच्या त्याच दात्याला पिनियनच्या ४३ फेऱ्यांनंतरच पुन्हा भेटतो. एखाद्या दात्यावर बारीक ओरखडा असला तरी तो ठरावीक एकाच जोडीदाराला खात बसत नाही. झीज सगळ्या दात्यांत वाटली जाते. हा अपूर्णांक असा विचित्र का, याचं उत्तर त्यात आहे.

आता हिशेब. १६५ आर १४ मापाचं टायर एका फेऱ्यात सुमारे १.८८ मीटर पुढे जातं. चाक मिनिटाला हजार वेळा फिरलं तर वेग ताशी ११२.८ किलोमीटर होईल. या ११२.८ ला गिअरच्या आणि अ‍ॅक्सलच्या गुणोत्तरांनी भागा, की इंजिनच्या दर हजार फेऱ्यांमागे गाडीचा वेग मिळतो. चौथा गिअर थेट, म्हणजे १ : १. तेव्हा ११२.८ भागिले ३.९०९, बरोबर ताशी २८.९ किलोमीटर. कुठलाही गिअरबॉक्स विकत घेण्याआधी हा आकडा पहिल्या आणि शेवटच्या गिअरसाठी काढावा. बाकी सगळी चर्चा त्यानंतर.

मूळ रचना काही चुकीची नव्हती, हे इथे सांगायला हवं. १,७९८ सीसीच्या या इंजिनची ९५ अश्वशक्ती ५,४०० फेऱ्यांना मिळते, आणि गाडीचा कमाल वेग ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास. चौथ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन ५,७०० फेऱ्यांवर, म्हणजे कमाल शक्तीच्या अगदी जवळ असतं. इंजिनिअरांनी गाडी कमाल वेगासाठी जुळवली होती. आपण मात्र ती बराच वेळ ताशी ९० ते ११० ला चालवतो. (ज्यांना या इंजिनची ओळख नाही त्यांच्यासाठी: आपल्या ॲम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सीरीज घराण्यातलं.)

सपाट रस्त्यावर ताशी १०० ला हवेचा आणि टायरचा विरोध मिळून अंदाजे ४५० न्यूटन भरतो. त्याला पुरून उरायला सतरा-अठरा अश्वशक्ती पुरे. एवढ्याशा कामासाठी ३,४७० फेरे घेतले की पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगं यांच्या घर्षणात आणि जवळपास बंद थ्रॉटलमधून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यात इंधन जातं. तेच काम कमी फेऱ्यांत, थ्रॉटल जास्त उघडून केलं की आवाजही घटतो आणि पेट्रोलही वाचतं.

फेरे कमी करायचे दोन मार्ग आहेत, आणि ते एकसारखे नाहीत. गिअरबॉक्सला शिडी मानली तर अ‍ॅक्सल बदलणं म्हणजे सगळी शिडी उचलून वर ठेवणं. ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे बसणारं, इंजिनचे फेरे आणखी कमी करणारं जादा युनिट) किंवा पाचवा गिअर म्हणजे वरच्या टोकाला एक पायरी जोडणं. लहान इंजिनला दुसरा मार्गच मानवतो, यावर मी ठाम आहे.

का ते पाहा. ३.०७ चा अ‍ॅक्सल बसवला की चौथ्यात हजार फेऱ्यांना ताशी ३६.७ किलोमीटर मिळतात. ऐकायला छान. पण पहिला गिअरही तेवढाच लांबतो, म्हणजे त्याच फेऱ्यांना वेग जास्त होतो. १९६७ नंतरच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.४४ चा. मूळ अ‍ॅक्सलवर त्यात हजार फेऱ्यांना गाडी ताशी ८.४ किलोमीटरने जाते, ३.०७ वर १०.७ ने. निघताना गाडी थांबलेली आणि इंजिन फिरतं असतं; दोघांच्या वेगातला हा फरक क्लच प्लेट घसरून भरून काढते. सपाटीवर इंजिनचे फेरे स्थिर धरले तर क्लचमध्ये तयार होणारी उष्णता ही क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेएवढीच असते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. १०.७ भागिले ८.४, त्याचा वर्ग १.६२. म्हणजे प्रत्येक सिग्नलला क्लच प्लेट ६२ टक्के जास्त तापते. चढावर तर घसरण आणखी लांबते. प्लेट लवकर जळते ती चालवणाऱ्याच्या पायामुळे नव्हे, अ‍ॅक्सलमुळे.

चढावरचा हिशेबही तेच सांगतो. मूळ अ‍ॅक्सल आणि ०.८२ चा लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह ही जोडी ताशी १०० ला इंजिन २,८४० फेऱ्यांवर आणते. तिथे पूर्ण थ्रॉटल दिला तर चाकाशी साधारण १,४०० न्यूटन ओढ मिळते. विरोधाचे ४५० वजा केले तरी एक टनाच्या गाडीला ९ ते १० टक्क्यांचा चढ गिअर न पाडता काढता येतो. ओव्हरड्राइव्हसोबत ३.०७ चा अ‍ॅक्सलही लावला, तर फेरे २,२३० वर येतात आणि शिल्लक ओढ ६ टक्क्यांच्या चढापुरतीच उरते. समोरून वारा असला, मागे सामान असलं की गाडी उठत नाही. सारखा गिअर पाडावा लागतो, आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच खर्ची पडतं.

म्हणून चार सिलिंडरच्या एमजीबीला ३.९०९ चा अ‍ॅक्सल तसाच ठेवून ओव्हरड्राइव्ह किंवा पाच गिअरचा बॉक्स लावावा. इंग्लंडमध्ये त्यासाठी फोर्ड सिएराचा टाइप ९ बॉक्स बराच वापरला जातो. त्याचा पाचवा गिअरही ०.८२ चाच, त्यामुळे हायवेवरचा फायदा ओव्हरड्राइव्हएवढाच. फरक खालच्या गिअरांत आहे आणि तो सहज नजरेआड होतो. चार सिलिंडरच्या सिएराच्या बॉक्सचा पहिला ३.६५ आणि दुसरा १.९७. पहिल्यात ५,५०० फेऱ्यांवर गिअर बदलला तर दुसऱ्यात इंजिन २,९७० वर कोसळतं. एमजीबीच्या मूळ बॉक्समध्ये, म्हणजे ३.४४ वरून २.१६७ वर जाताना, ते ३,४६० वर उतरतं. सिएराच्या व्ही-६ इंजिनसाठीच्या बॉक्सचा पहिला गिअर ३.३६ चा आहे. तो या गाडीला जास्त शोभतो, पण त्याचा दुसरा १.८१ असल्याने ती दरी जशीच्या तशी राहते. ज्याच्या इंजिनला जास्त टोकदार कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) बसवलेला आहे, ज्याचं इंजिन ३,५०० च्या खाली घुसमटतं, त्याने मूळ बॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांनाच धरून राहावं. सौम्य इंजिनला ही दरी जाणवतही नाही.

मोठं इंजिन आलं की सगळं उलटतं. कारखान्याने १९७३ ते १९७६ मध्ये रोव्हरचं ३,५२८ सीसीचं ॲल्युमिनियम व्ही-८ घालून एमजीबी जीटी व्ही-८ काढली; एकूण २,५९१ गाड्या झाल्या. १३७ अश्वशक्ती, आणि २,९०० फेऱ्यांनाच २६२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर). तिला अ‍ॅक्सल दिला ३.०७ चा: क्राउनचे दाते तेच ४३, पिनियनचे मात्र १४. हौशी लोक असंच इंजिन बसवताना रोव्हर एसडी-१ चा पाच गिअरचा बॉक्सही घेतात. पहिला ३.३२, पाचवा ०.७९. हा बॉक्स जुन्या ३.९०९ च्या अ‍ॅक्सलला जोडला तर पहिल्या गिअरमध्ये चाकाशी कागदावर १०,००० न्यूटन ओढ येते. मागच्या दोन टायरांची पकड कोरड्या डांबरावर फार तर सहा हजारांच्या घरातली. उरलेली ओढ रबर जाळण्यात जाते, आणि ५,००० फेऱ्यांवर वेग जेमतेम ताशी ४३ होतो. ३.०७ वर ओढ ८,००० न्यूटनपर्यंत उतरते, तरीही ती पकडीपेक्षा जास्तच. पहिला गिअर ताशी ५५ पर्यंत पुरतो, आणि पाचव्यात ताशी १०० ला इंजिन निवांत २,१५० फेऱ्यांवर राहतं. इथे आखूड, म्हणजे ३.९०९ चा, अ‍ॅक्सल ठेवण्याला काही कारणच उरत नाही.

व्ही-८ च्या ओव्हरड्राइव्हची हकीकत यंत्र समजून घ्यायला फार उपयोगी आहे. सुरुवातीच्या गाड्यांत तो तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गिअरांत चालायचा. पुढे कारखान्याने तिसऱ्यातली सोय काढून टाकली. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागे बसतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत येणारा टॉर्क आधीच गिअरने गुणलेला असतो. चौथ्यात २६२, पण १.२६ च्या तिसऱ्यात ३३०. तो भार या युनिटला झेपत नव्हता. जुना ओव्हरड्राइव्ह ठेवून इंजिन वाढवणाऱ्याने तिसऱ्या गिअरात तो चालू करणारी वायर आजच काढावी.

नुसतं इंजिन मोठं म्हणून वाटेल तेवढा लांब अ‍ॅक्सल चालतो असंही नाही. १९६७ ते १९६९ च्या, एमजीबीवरच बेतलेल्या एमजीसीमध्ये २,९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीला आधी ३.०७ चा अ‍ॅक्सल दिला होता, ओव्हरड्राइव्हवाल्या गाडीला ३.३०७ चा. गाडी सुस्त वाटते अशी टीका झाली, आणि हे आकडे अनुक्रमे ३.३०७ आणि ३.७ वर आणावे लागले.

एवढं ठरलं की स्पीडोमीटरकडे वळावं. एमजीबीत त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते, म्हणून अ‍ॅक्सल बदलल्याचं त्याला कळतच नाही. ३.९०९ च्या जागी ३.०७ आला आणि स्पीडोमीटर तसाच राहिला, तर काटा १०० दाखवत असताना गाडी ताशी १२७ ने धावत असते. अ‍ॅक्सल बसवला त्याच दिवशी मीटर जुळवून घ्यावा, आणि तोपर्यंत वेग टॅकोमीटरवरून (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरवरून), त्या हजार फेऱ्यांच्या आकड्याने काढावा: ३.०७ आणि थेट चौथा गिअर असेल, तर ताशी १०० म्हणजे साधारण २,७२० फेरे.