पत्रक छापायला टाकण्याआधी : अब्रूनुकसानीचा कायदा आणि आपला मजकूर

आमच्या काउंटरवर महिन्यातून एकदा तरी हा वाद होतो. ग्राहक म्हणतात, "मजकूर माझा, पैसे माझे, तुम्ही फक्त छापा." आम्ही म्हणतो, एवढी दोन वाक्यं बदला. मग थोडी गरमागरमी, चहा, पुन्हा चर्चा. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा छापून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

कायद्याच्या भाषेत अब्रूनुकसानी म्हणजे एखाद्याची लोकांतली पत कमी व्हावी अशा हेतूनं, किंवा ती कमी होईल हे माहीत असूनही, त्याच्यावर आरोप करणं. तो आरोप तोंडी असो, लेखी असो, चित्रातून असो की खुणेनं. इंग्लंडच्या कायद्यात लेखी आणि तोंडी बदनामीला वेगळी नावं आहेत. आपल्या फौजदारी कायद्यात दोन्ही एकाच कलमात येतात. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आली आहे. हे फौजदारी कलम घटनेत बसतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयानं २०१६ मध्ये ते कायम ठेवलं.

आता आमच्या हट्टाचं कारण. याच कलमात छापणाऱ्याचाही स्वतंत्र उल्लेख आहे. मजकूर बदनामीकारक आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना तो छापला, तर छापखानावाल्यालाही तेवढीच शिक्षा. म्हणजे आम्ही प्रूफ वाचून गप्प बसलो, तर "आम्हाला काय ठाऊक" म्हणायची सोय उरत नाही.

मध्यंतरी एक दुकानदार आले. त्यांचा वसुलीचा माणूस काम सोडून गेला होता आणि हिशेब जुळत नव्हता. पाच हजार हँडबिलं हवी होती, वर त्या माणसाचा फोटो आणि खाली मोठ्या टायपात : "या भामट्यापासून सावध राहा. याने आमचे पैसे खाल्ले आहेत." आम्ही फोटो काढला आणि असं कंपोझ करून दिलं : "श्री. अमुक हे १ तारखेपासून आमच्याकडे कामास नाहीत. त्यांच्याकडे दिलेल्या रकमेस यापुढे आम्ही जबाबदार राहणार नाही. रक्कम दुकानातच भरून पावती घ्यावी." मालक नाराज. "मग त्यानं पैसे खाल्ले हे लोकांना कळणार कसं?" त्यासाठी पोलीस ठाणं आहे, आम्ही म्हटलं. हँडबिलाचं काम गिऱ्हाइकानं दुसऱ्याच्या हातात पैसे देऊ नयेत एवढंच, आणि ते या तीन वाक्यांत होतं. पुढं हिशेब लागला तेव्हा 'खाल्लेल्या' रकमेतली बरीचशी गावातच उधारीत अडकलेली निघाली.

"पण मी खरं तेच लिहिलंय," हे उत्तर नेहमी येतं. दिवाणी दाव्यात खरेपणा हा पक्का बचाव आहे, मात्र तो सिद्ध आपल्याला करावा लागतो. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आणि खरं आहे असं वाटणं वेगळं. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले ते याच गुन्ह्यासाठी. 'केसरी' आणि 'मराठा'त कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लिहिलं होतं. ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं, ती खटल्यात बनावट ठरली. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनशॉटचं काय सांगावं!

नाव न घालता लिहिलं तरी, वाचणाऱ्याला माणूस ओळखू येत असेल तर बचाव होत नाही. "म्हणे", "अशी चर्चा आहे", शेवटी प्रश्नचिन्ह, किंवा उपरोधानं "आमचे अत्यंत प्रामाणिक अध्यक्ष" असं म्हणणं, यानंही सुटका नाही. मृत व्यक्तीची बदनामीही कलमात येते, तिच्या घरच्यांना दुखावण्याचा हेतू असेल तर. कंपनी आणि संस्था यांनाही अब्रू असते.

सोसायटीच्या भांडणांची पत्रकं आमच्याकडे बरीच येतात. "सेक्रेटरीने पैसे लाटले" असं लिहू नका. "रंगकामाच्या खर्चाची बिलं ताळेबंदाला जोडलेली नाहीत, ती सभेत मांडावीत" असं लिहा. पहिलं माणसाबद्दल आहे, दुसरं कागदाबद्दल, आणि कागद कोणालाही तपासता येतो. उपनिबंधकांकडे चांगल्या हेतूनं केलेल्या तक्रारीला कायद्याचं संरक्षण आहे. तीच तक्रार फ्लेक्स करून चौकात लावली तर ते सहसा मिळत नाही.

उलट, बदनामी आपली झाली असेल तर पोलिसांत थेट गुन्हा नोंदवला जात नाही. तक्रार स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं करावी लागते, तीन वर्षांच्या आत. भरपाईचा दिवाणी दावा एका वर्षातच. पुढचं वकिलांना विचारा, आम्ही छापखानावाले.

कोणाविरुद्धही मजकूर असेल तर प्रूफवर आपली सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागेल. लोकसभा-विधानसभेच्या निवडणूक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे, शिवाय प्रकाशकाचं दोन ओळखीच्यांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र आम्हाला दोन प्रतींत हवं. ते मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "नाव घालू नका, रात्रीत छापून द्या" अशी कामं आम्ही घेत नाही.

लग्नपत्रिका आणि बारशाच्या कार्डांना यातलं काही लागू नाही. तिथं फक्त आत्या-मामांची नावं नीट तपासून द्या; एखादं राहिलं तर त्या भांडणात आम्ही पडत नाही.