जी६पीडी प्रतिपिंड (ससा, पॉलिक्लोनल)

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजेच जी६पीडी, हे मानवी विकर (एन्झाइम) ओळखण्यासाठी सशाच्या रक्तातून मिळवलेले प्रतिपिंड (अँटीबॉडी). बाटलीवर नाव एकच असले तरी आत मिसळण असते. सशाच्या निरनिराळ्या बी-पेशींनी, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींनी, विकराचा वेगवेगळा भाग हेरून बनवलेले रेणू त्यात एकत्र असतात. पॉलिक्लोनल म्हणायचे ते यासाठीच. घोड्यांपासून मिळणारे सर्पदंशावरचे प्रतिविषही याच जातीचे.

शुद्ध विकर किंवा त्याचा तुकडा सशाला टोचतात, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मात्रा देतात आणि कानाच्या शिरेतून रक्त घेतात. ससा बदलला की माल बदलतो, म्हणून प्रत्येक नवी खेप आधी तपासून घ्यावी लागते.

वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या पद्धतीत प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी करून पटलावर उतरवतात. पटलाच्या मोकळ्या जागा झाकायला बहुधा साय काढलेल्या दुधाची पावडर चालते! मग हे प्रतिपिंड रात्रभर ४ अंशांवर आणि त्यानंतर सशाच्या प्रतिपिंडाला चिकटणारे, खूण लावलेले दुसरे प्रतिपिंड, बहुतेकदा शेळीचे. ५१५ अमिनो आम्लांच्या जी६पीडीचा पट्टा सुमारे ५९ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) या जागी उमटतो.

या विकराच्या प्रकारांत ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचेही नाव आहे. एका कोळी कुटुंबात आढळलेल्या कमतरतेच्या प्रकाराला ‘जी६पीडी कल्याण’ म्हटले गेले. केरळमधला प्रकार वेगळा मानला जाई. पण दोन्हींत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन असल्याचे १९९२मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘केरळ-कल्याण’ असे जोडनाव पडले.

नेमका हाच बदल पॉलिक्लोनल प्रतिपिंडाच्या नजरेतून सुटतो. एक अमिनो आम्ल बदलले तरी पकडायला बाकीच्या जागा शाबूत असतात, त्यामुळे कल्याणचे विकरही पट्टा देते. पट्टा फिका असेल तर प्रथिन कमी आहे एवढे कळते. आहे ते काम करते का, हे कळत नाही. बदल शोधायला डीएनए तपासणी लागते. तांबड्या पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे एनएडीपीएच नावाचे संयुग जी६पीडी बनवते. ते कमी पडले तर हिवतापावरच्या प्रायमाक्वीनने पेशी फुटू शकतात. म्हणून औषधाआधी विकराची क्रियाशीलता मोजतात. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब अभिक्रियेनंतर अतिनील प्रकाशात चमकला, तर विकर चालू आहे. या चाचणीत सशाचे प्रतिपिंड लागत नाही.