इन्फ्रारेड रोल, ऑटोफोकस कॅमेरे आणि काठावरचा काळा पट्टा

इन्फ्रारेड रोल, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारी फिल्म, डेव्हलप करून निगेटिव्ह उजेडात धरली, की कधी कधी काठावरच्या छिद्रांच्या रांगेलगत एक काळपट पट्टा दिसतो. फ्रेम कोणतीही असो, पट्टा त्याच काठाला. रोल भरताना उजेड शिरला असेल, रसायन नीट फिरले नसेल, असे आधी वाटते. मग संशय ऑटोफोकसवर जातो, कारण काही कॅमेरे फोकससाठी अवरक्त किरण वापरतात हे बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. पण ऑटोफोकसकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे. हा पट्टा कुठून आला हे समजायला थोडे मागे जावे लागते.

विल्यम हर्शेलने 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथेही पारा चढला. फिल्मला मात्र हा अवरक्त प्रकाश दिसत नव्हता. चांदीचे क्षार मुळात निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतात. त्यापुढचे दिसायला रंजकद्रव्याचा आधार लागतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1910 मध्ये अवरक्त निसर्गचित्रे प्रसिद्ध केली, पण त्यासाठी भर उन्हातही काही मिनिटांचे एक्स्पोजर द्यावे लागले. पांढरीशुभ्र झाडे आणि काळेभोर आकाश जगाने तेव्हा पाहिले. पाने अशी उजळतात ती त्यांच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे. ती रचना जवळच्या अवरक्त पट्ट्यातला बराचसा प्रकाश परतवून लावते. पुढे 1919 मध्ये क्रिप्टोसायनिन आणि 1925 मध्ये निओसायनिन ही रंजकद्रव्ये आली आणि फिल्मची नजर लांब पोचू लागली.

या वाटेवरची सर्वांत लाडकी फिल्म म्हणजे कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड, ओळखीच्या भाषेत एचआयई. तिला साधारण 900 नॅनोमीटरपर्यंत दिसायचे. पाठीमागून परतणारा प्रकाश शोषणारा अँटी-हेलेशन थर तिला नव्हता, म्हणून उजळ भागांभोवती ती प्रसिद्ध आभा पसरायची. त्याच कारणाने ती नाजूकही होती. पारदर्शक आधारातून उजेड आत झिरपू नये म्हणून रोल पूर्ण अंधारातच भरावा लागे. काही कॅमेऱ्यांच्या प्रेशर प्लेटवर, म्हणजे फिल्म मागून सपाट दाबून धरणाऱ्या पट्टीवर, बारीक खड्डे असतात. त्यांची नक्षीसुद्धा ही फिल्म टिपून ठेवायची. चित्राच्या आकाशात ठिपक्यांची जाळी दिसली की तिचा उगम बहुधा तिथेच.

आता कॅमेऱ्याकडे वळू. 35 मिमी रोलवर एका फ्रेमला आठ छिद्रे येतात. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात दातेरी चाक त्या छिद्रांत अडकून फिरायचे आणि फ्रेम बरोबर मोजली जायची. 1977 मध्ये कोनिका सी35 एएफ हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा आला. त्याची पद्धत प्रतिमा ताडून पाहण्याची होती. 1979 च्या कॅनन एएफ35एम ने मात्र विषयाकडे अवरक्त किरण सोडून अंतर काढले. ऐकीव संशयाचे मूळ इथे आहे. पण तो किरण बाहेर जातो, आणि अंतर मोजले जाते तेव्हा शटर बंद असते. फिल्मपर्यंत तो पोचतच नाही.

खरा बदल नंतर झाला. मिनोल्टा 7000 ने 1985 मध्ये ऑटोफोकस आणि फिल्म सरकवणारी मोटर एकाच एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, बसवली. मग मोटरचा आवाज कमी करण्याची, सुटे भाग कमी करण्याची चढाओढ लागली. काही कॅमेऱ्यांतून दातेरी चाक गेले आणि त्याच्या जागी आला एक छोटा अवरक्त दिवा. समोरून छिद्र सरकले की सेन्सरला कळते आणि मोजणी पुढे जाते. 1991 चा, रोल अगदी हळुवार आवाजात पुढे सरकवणारा कॅनन ईओएस 100 हे याचे ठळक उदाहरण. दिवा अवरक्त का, तर नेहमीच्या फिल्मला तो दिसत नाही. ही निवड अगदी चोख होती. ज्या एका जातीच्या फिल्मला तो प्रकाश दिसतो, तिच्यापुरती ती घातक ठरली. काही कॅमेरे रोल भरताच तो सगळा उलगडून ठेवतात आणि एकेक फ्रेम परत डबीत ओढतात. तिथे फिल्म दिव्यासमोरून दोनदा जाते.

म्हणून अशी फिल्म वापरणाऱ्याने कॅमेरा निवडताना फोकसची पद्धत नव्हे, फ्रेम मोजायची पद्धत पाहावी. दातेरी चाक असेल तर पट्ट्याची भीती नाही.

फोकसचा खरा घोळ लेन्समध्ये आहे. अवरक्त प्रकाश बहुतेक लेन्समधून किंचित मागे एकवटतो, म्हणून जुन्या लेन्सवर अंतराच्या खुणेशेजारी लाल ठिपका असायचा. ऑटोफोकस दृश्य प्रकाशावर बेतलेला असतो आणि दृश्य प्रकाश अडवणारा गडद फिल्टर लावला की अनेकदा चाचपडत राहतो. उपाय असा: फिल्टरविना फोकस घ्या, स्विच मॅन्युअलवर करा, अंतर लाल खुणेवर सरकवा, मग फिल्टर चढवा. पण हे खूण असेल तरच. कॅननच्या 1987 च्या 50 मिमी एफ/1.8 लेन्सवर अंतराची खिडकी आणि खूण दोन्ही होत्या. 1990 च्या दुसऱ्या आवृत्तीतून दोन्ही गेल्या. अशा लेन्सवर अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाशद्वार) एफ/11 किंवा त्याहून लहान ठेवून फोकसच्या खोलीवर, म्हणजे पुढेमागे जेवढे स्पष्ट दिसते त्या पट्ट्यावर, विसंबणे एवढेच हाती राहते.

एचआयई 2007 मध्ये बंद झाली. इलफर्ड कंपनीच्या एसएफएक्स 200 या फिल्मची नजर 740 नॅनोमीटरच्या आसपास थांबते, त्यामुळे मोजणीचा दिवा तिला सहसा दिसत नाही. पट्टा उमटत नाही, पण एचआयईची ती आभाही तिच्यात उतरत नाही.