फोटोसाठी महाबळेश्वरच कशाला?

‘चांगला फोटो हवा तर निसर्गरम्य जागी जा’ हा समज जुना, पण चुकीचा. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांचा १९३० सालचा गाजलेला फोटो ढोबळ्या मिरचीचा आहे, तोही पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेला! नरसाळ्याच्या आतून उजेड परतला आणि मिरचीची वळणं उठून दिसली.

स्वयंपाकघरात सकाळी खिडकीपासून दोनेक फुटांवर तांब्या ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. ट्यूबलाइट बंदच हवी. दोन रंगांचे उजेड मिसळले की रंग बिघडतात, नंतर धड दुरुस्तही होत नाहीत. सावली फार काळी पडली तर त्या बाजूला पांढरा कागद धरा. मोबाइल फार जवळ नेला की फोकस सुटतो, म्हणून जरा मागे सरून झूम करा. चकाकी पांढरीफट्ट होत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी करा. अशा पांढऱ्याफट्ट, ‘जळालेल्या’ भागातला तपशील परत येत नाही.