जोखीम वेगळी, अनिश्चितता वेगळी: नव्या कामांचा क्रम लावताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतली जरा मोठी फौंड्री, म्हणजे धातू ओतून भाग बनवणारा कारखाना, घ्या. वर्षातून एकदा तरी तिथे बैठक बसते: यंदा डेव्हलपमेंटवर पैसे किती घालायचे आणि कशावर? समोर साधारण तीन तऱ्हेची कामं असतात. चालू जॉबचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणाऱ्या ओतीव भागांचं प्रमाण, खाली आणणं हे एक. एसजी आयर्न या चिवट ओतीव लोखंडाच्या पुढची, उष्णता-प्रक्रियेने आणखी मजबूत केलेली एडीआय ग्रेड बसवणं हे दुसरं. आणि इलेक्ट्रिक गाड्या येतायत म्हणून ॲल्युमिनियममध्ये उतरणं हे तिसरं. मग एक्सेल उघडतं. खर्च, परतावा, यशाची शक्यता असे रकाने. पहिल्यासमोर ८० टक्के, दुसऱ्यासमोर ६०, तिसऱ्यासमोर ५०. गुणाकार होतो, क्रम लागतो, चहा येतो.

हे तीन आकडे एका जातीचे नाहीत. पहिला हिशेबातून आलेला असू शकतो, तिसरा कुणाच्या तरी मनातून आलेला आहे. दोन्हींना एकाच रकान्यात बसवलं की पुढची सगळी गणितं दिसायला बरोबर आणि उपयोगाला चुकीची होतात.

हा फरक अर्थशास्त्रात शंभर वर्षांपूर्वीच स्वच्छ मांडला गेला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली तो मांडला: काय काय घडू शकतं आणि प्रत्येकाची शक्यता किती, हे जिथे मोजता येतं ती जोखीम, जिथे मोजायला आधारच नसतो ती अनिश्चितता. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३७ मध्ये वीस वर्षांनंतरचा तांब्याचा भाव आणि व्याजदर ही अनिश्चिततेची उदाहरणं दिली होती. तांबं ओतणाऱ्याला ते वेगळं समजावून सांगायला नको.

आता फौंड्रीतली जोखीम जवळून बघू. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये तारीख, पाळी, हीट नंबर (भट्टीचा कितवा घाणा), पॅटर्न आणि कारण लिहिलेलं असतं: ब्लोहोल (वायूने पडलेलं भोक), श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) सरकला, सँड इन्क्लुजन (धातूत अडकलेली वाळू). एकाच जॉबची हजारो कास्टिंग्ज या वहीतून गेलेली असतात. जुलै-ऑगस्टची पानं उलटली तर कोअरमुळे आलेल्या ब्लोहोलच्या नोंदी वाढलेल्या दिसतात, कारण पावसाळी दमट हवेत कोअर ओल धरतो आणि ओतताना त्या ओलीचा वायू होतो. म्हणजे दोष कधी येतो, किती येतो, कशाने येतो, सगळं वहीत आहे. संगणकाच्या सिम्युलेशनवर हॉटस्पॉट, म्हणजे शेवटी गोठणारी जागा, बघून रायझर, म्हणजे तिला जादा धातू पुरवणारा साठा, हलवला तर श्रिंकेज किती कमी होईल, याचाही अंदाज आधीच्या जॉबवरून बांधता येतो. इथे ८० टक्के म्हणताना पायाखाली जमीन आहे. अशा कामाला सरासरी काढावी, वर थोडी सूट ठेवावी, शंभर नग हवे तर एकशेपाच ओतावेत, आणि कामाला लागावं. फार चर्चा नकोच.

दुःख याचं की आपल्याकडे नेमकी याच जागी उलटी चूक होते. वही कपाटात असते आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, "कास्टिंगचं काय सांगता येतंय, नशिबाचा भाग!" जे मोजता येतं ते न मोजता नशिबावर टाकणं हा मला सरळसरळ आळस वाटतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडवणाऱ्या पिढीकडे संगणक नव्हता, तरी कुठल्या वाळूत काय बिघडतं हे त्यांना पाठ असायचं. आज नोंदी कितीतरी जास्त आहेत.

ॲल्युमिनियमचं काम याच्या दुसऱ्या टोकाला आहे. इलेक्ट्रिक गाडीला सिलिंडर ब्लॉक नाही, हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. ब्रेक, हब, सस्पेन्शनचे भाग मात्र राहतात, आणि मोटरचं हाउसिंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. इथवर तंत्राची गोष्ट झाली. पण दहा वर्षांनी किती ट्रॅक्टर, किती ट्रक, किती मोटारी विजेवर चालतील? बॅटरीचा भाव कुठे जाईल? अनुदान राहील की जाईल? याची वही कुणाकडेच नाही, कारण ही घटना एकदाच घडणार आहे. हजार वेळा दहा वर्षं जगून सरासरी काढता येत नाही.

डिझेलचा अनुभव ताजा आहे. वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू होणार, मधला बीएस-५ वगळून थेट उडी मारायची, हे सरकारने २०१६ मध्येच सांगितलं होतं. तारीख माहीत, उत्सर्जनाची मर्यादा माहीत. त्या मर्यादेत बसणारी इंजिनं बनवणं अवघड होतं, पण ती अडचण मोजता येणारी होती. मात्र एवढा खर्च करून छोटं डिझेल इंजिन ठेवायचंच कशाला, असं एखादा मोठा कारखानदार ठरवेल का, हे नियमाच्या कागदात कुठेच नव्हतं. एप्रिल २०१९ मध्ये मारुती सुझुकीने पुढच्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद करत असल्याचं जाहीर केलं. तारीख माहीत असली तरी त्या तारखेचा परिणाम माहीत नसतो, हे त्यातून कळलं.

साखर कारखान्यांचंही तेच. ई-२० चं, म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं, उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं, उसाच्या रसापासून थेट इथेनॉल बनवायला प्रोत्साहन मिळालं. मग पाऊस कमी झाला, साखरेची चिंता वाढली आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने त्या हंगामापुरती रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी घातली. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती शिथिल झाली, आणि २०२४-२५ साठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. डिस्टिलरीचं यंत्र किती टक्के क्षमतेने चालेल ही जोखीम होती आणि ती प्रकल्प अहवालात छान मांडलेली असायची. धोरण असं फिरेल ही अनिश्चितता होती. ज्या डिस्टिलरीला रस, मळी आणि धान्य यातलं काहीही चालतं, तिच्यावर जादा भांडवल लागतं आणि नेहमीच्या परतफेडीच्या गणितात ती मागे पडते. पण अशा वर्षी ती बंद पडत नाही. वळायची मोकळीक विकत घेतलेली असते, आणि त्या मोकळिकीला किंमत आहे हे आपल्या बहुतेक प्रकल्प अहवालांत धरलेलंच नसतं.

जोखीम आणि अनिश्चितता यांच्यामधली सीमा कायमची आखलेली नसते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २००५ च्या पुराची खूण धरून कितीजणांनी माल त्याच्या वर रचला होता! २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुन्या नोंदींवरून केलेला हिशेब नव्या पावसाला लागू पडेलच असं नाही. जोखीम म्हणून मांडलेली गोष्ट अशी गुपचूप अनिश्चिततेत सरकते, म्हणून नोंद किती जुनी आणि कोणत्या परिस्थितीतली, हे विचारल्याशिवाय कुठलीही टक्केवारी स्वीकारू नये.

मधलं एडीआयचं काम मला सगळ्यात शिकवण्यासारखं वाटतं, कारण त्यात दोन्ही मिसळलेल्या आहेत. एसजी आयर्नचं कास्टिंग साधारण ९०० अंशांपर्यंत तापवायचं, मग वितळलेल्या मिठाच्या बाथमध्ये २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान धरून ठेवायचं. ताकद इतकी वाढते की काही ठिकाणी फोर्जिंगच्या, म्हणजे ठोकून-दाबून घडवलेल्या भागाच्या, जागी कास्टिंग चालतं. जाड भागात आतपर्यंत हवी ती रचना मिळेल का, हा तांत्रिक प्रश्न. तो चाचण्यांनी सुटतो. पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, फोर्जिंग सोडून कास्टिंग घेईल का, हा माणसांचा प्रश्न. अशा कामाला एकच '६० टक्के' लावण्यात अर्थ नाही. प्रश्न सुटे करावेत आणि कोणता आधी विचारायचा ते ठरवावं.

समजा, पॅटर्न, सॅम्पल लॉट, बाहेरून हीट ट्रीटमेंट आणि लॅब मिळून तांत्रिक चाचणीला २ लाख लागतात आणि ती फसण्याची शक्यता निम्मी वाटते. पार्टीच्या डिझाइनवाल्यांना भेटणं, ड्रॉइंगवर बोलणं, बदल त्यांना चालेल असं लेखी घेणं याला ४० हजार लागतात आणि तिथे नकार येण्याची शक्यता ३० टक्के वाटते. आधी चाचणी केली तर सरासरी खर्च २ लाख अधिक ४० हजारांचा निम्मा, म्हणजे २ लाख २० हजार. आधी पार्टीकडे गेलं तर ४० हजार अधिक २ लाखांचे ७० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार.

यातले टक्के मनातलेच आहेत, मग हा हिशेब कशाला? कारण नकाराचा अंदाज ३० वरून थेट १० टक्क्यांवर आणला तरी दोन्ही क्रमांचा खर्च जेमतेम सारखा होतो. म्हणजे अंदाज तिपटीने चुकला तरी पार्टीकडे आधी जाण्यात तोटा नाही. नफा किती होईल हे सांगायला हे आकडे निरुपयोगी आहेत, पण आधी काय विचारायचं हे ठरवायला पुरेसे आहेत. अनिश्चिततेत आकड्यांकडून एवढीच अपेक्षा ठेवावी: अंदाज हलवून बघावा आणि निर्णय हलतो का ते पाहावं. प्रत्यक्षात मात्र आपण इंजिनिअर लोक आधी भट्टीकडेच धावतो. तिथे हाताला काम मिळतं, आणि पार्टीचा नकार ऐकायला कुणाला आवडतो?

टीआरएल (तंत्रज्ञानाच्या तयारीची पातळी) नावाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी अलीकडे अनुदानाच्या अर्जांत सर्रास मागतात. ती नासातून आली. तंत्र किती सिद्ध झालं हे ती नीट सांगते, पण वस्तू विकली जाईल का याबद्दल ती गप्प असते. सातवी पायरी गाठली म्हणजे धोका उरला नाही, हा समज सोडलेला बरा.

अनेक वाटा थोड्या थोड्या चालून बघायच्या कशा, हे शिकायचं तर ऊस पैदासकारांकडे बघावं. असंख्य रोपांपासून सुरुवात, दर टप्प्याला बहुतेक बाद, मग वेगवेगळ्या जमिनींत चाचण्या, आणि बऱ्याच वर्षांनी एखादी जात बाहेर. एवढं करूनही अनिश्चितता संपत नाही. २००९ मध्ये आलेल्या को ०२३८ ने उत्तर प्रदेशातलं बहुतेक ऊसक्षेत्र व्यापलं आणि पुढे लाल कूज रोगाने तीच जात पोखरली. जात वाईट नव्हती. सगळं क्षेत्र एकाच जातीवर गेलं, ही चूक होती.

म्हणून बैठकीत दोन वेगळे कागद करावेत असं मी सुचवते. पहिल्या कागदावर नोंदींचा आधार असलेली कामं, परताव्याच्या क्रमाने. बजेटचा मोठा वाटा तिकडे जाऊ द्या. दुसऱ्या कागदावर टक्केवारीचा रकानाच नको. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: सगळ्यात मोठा न सुटलेला प्रश्न कोणता, त्याचं उत्तर कमीत कमी किती पैशांत मिळेल, आणि काय दिसलं तर काम थांबवायचं. ॲल्युमिनियमसमोर लगेच डाय-कास्टिंग मशीनचं कोटेशन मागवण्याऐवजी असं लिहिता येईल: एका माणसाला सहा महिने शिकायला पाठवणं, बाहेरून ओतून घेतलेला एक छोटा लॉट मशीनिंग करून देणं, आणि चालू पार्ट्यांकडून येणाऱ्या चौकशांमध्ये ॲल्युमिनियमची ड्रॉइंग किती येतात याची दर तिमाहीला नोंद. थांबण्याची अट पैसे खर्च होण्याआधी लिहायची आणि खाली मालकांची सही घ्यायची, कारण एकदा मशीन शेडमध्ये उभं राहिलं की ते बंद करायला कुणीच धजावत नाही.