सोलापुरातल्या बेघर मुलांच्या मनाची काळजी : पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात निराधार मुलांसाठी झालेल्या कामाचा मागोवा घ्यायचा तर आधी पंढरपूरला जावं लागतं. तिथे 1875 मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम काढला. मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला. पुढच्याच वर्षी दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला आणि त्यात हा जिल्हा फार होरपळला. त्या काळी मूल जगलं, एवढंच मोठं यश होतं. त्या मुलाला रात्री कुणाची आठवण येते हे विचारायला सवड नव्हती, आणि त्याबद्दल त्या माणसांना दोष देता येणार नाही.

सोलापूर शहरातली गोष्ट वेगळी आणि जास्त बोचरी आहे. ब्रिटिशांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. त्या जागेचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही शहराच्या बोलण्यात आहे. मोठी माणसं गिरण्यांत राबायची, रोजची हजेरी द्यायची. कायद्याच्या 1911 च्या आवृत्तीत तर मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. मूल सुधारायचं तर आधी त्याला घरच्यांपासून तोडा, असा त्यामागचा विचार. कायदा 1952 मध्ये देशभरातून गेला आणि 1960 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सोलापूरच्या तारा तुटल्या. पण वही उघडून नाव, आडनाव, जात, मूळ गाव विचारणाऱ्या अनोळखी माणसासमोर पालावरची, म्हणजे भटक्यांच्या तंबूवस्तीतली, बाई आजही गप्प होते, त्याचं मूळ इथे आहे. म्हणून या मुलांबरोबर काम सुरू करताना पहिल्या महिन्यात वही काढूच नये. मुलाने सांगितलेलं हाकेचं नाव पुरतं.

मुलांच्या मनाचा विचार शास्त्राच्या अंगाने सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. बेघर झालेल्या मुलांच्या गरजा अभ्यासायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं. त्यातून 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बी यांनी अहवाल लिहिला. मुलाला अन्नवस्त्राइतकंच एका ठरावीक माणसाचं सातत्याचं प्रेम लागतं, हा त्याचा गाभा. आपल्याकडे तो विचार कायद्यात यायला फार वर्षं लागली. 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावरचं कुटुंब उचलून नेण्याचीच वाट दाखवली. भारताने बालहक्क करार 1992 मध्ये स्वीकारला. 2015 च्या बाल न्याय कायद्याने मात्र स्पष्ट लिहिलं की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. सेटलमेंटचं तत्त्व कागदावर तरी पूर्ण उलटं झालं.

राष्ट्रीय बालहक्क आयोगाची 2020 ची कार्यपद्धती रस्त्यावरच्या मुलांचे तीन गट करते : एकटी राहणारी, कुटुंबासह रस्त्यावर राहणारी, आणि दिवसभर रस्त्यावर असून रात्री जवळच्या वस्तीत परतणारी. हा फरक कामात पदोपदी लागतो. सोलापूर मुंबई–चेन्नई लोहमार्गावर असल्याने स्टेशनवर एकटं उतरलेलं मूल कुठूनही आलेलं असू शकतं. त्याला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि त्यासाठी 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे. पालावरच्या मुलाला तोच नियम लावून उचललं तर त्याचं उरलंसुरलं घरही जातं. त्याला तिथेच, आईच्या नजरेसमोर सोबत हवी असते. ऊसतोडीला आलेल्या ‘कोयत्यां’ची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांची, मुलं तर या वर्गवारीत नीट बसतही नाहीत, हंगाम संपला की बिऱ्हाड हलतं, मैत्री तुटते. त्यांच्याबरोबरचं काम पाच महिन्यांचंच धरून आखावं.

इथे लोकसेवेचा धागा जोडला जातो. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. त्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास सेवा द्यायची असते. अडचण तास कसे खर्चतात यात आहे. चाळीस जणांनी एका रविवारी येऊन खाऊ वाटला की दोनशे तास भरतात, पण मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा आणि चाळीस विसरलेली नावं उरतात. तेच एका विद्यार्थ्याने वर्षाचे 120 तास आठवड्याला अडीच तास असे वापरले तर 48 आठवडे पुरतात. मुलाच्या मनाला त्या 48 आठवड्यांचा उपयोग होतो.

अडीच तासांतले सव्वा तास मुलांबरोबर, बाकीचे तयारी, नोंदी आणि आईवडिलांशी बोलण्यासाठी. बारा मुलं आणि तीन मोठी माणसं हे प्रमाण चांगलं. तिसरं माणूस रडणाऱ्या किंवा उठून जाणाऱ्या मुलासाठी मोकळं असावं. त्या मुलाबरोबरही सगळ्यांना दिसेल अशा जागीच बसावं. पहिली दहा मिनिटं हाकेच्या नावाने स्वागत, मग वीस मिनिटं लगोरीसारखा धावपळीचा खेळ, वीस मिनिटं माती किंवा चित्रं, पंधरा मिनिटं गोष्ट, शेवटची दहा मिनिटं दर वेळी तेच गाणं आणि पुढच्या भेटीचा वार. क्रम बदलू नये. ज्याला रात्री कुठे झोपायचं हे माहीत नाही, त्याला पुढे काय येणार हे कळण्यातच दिलासा असतो. एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे वेळ संध्याकाळी पुढे न्यावी लागते. ते आठवडाभर आधी सांगावं.

भाषेकडे फार दुर्लक्ष होतं. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू घराघरांत बोलली जाते आणि पालावरच्या बोली आणखी वेगळ्या. मूल राग मराठीत दाखवेल, पण भीती आईच्या भाषेतच सांगेल. तिघांपैकी एकाला तरी ती भाषा यावी.

एक पत्र्याची पेटी लागते. त्यात प्रत्येक मुलाच्या नावाची पिशवी, तिच्यात त्याची चित्रं. पालावर कागद भिजतो, चुलीत जातो, हलताना हरवतो. आपली एक वस्तू जागेवर सापडते, हे या मुलांना क्वचितच अनुभवायला मिळतं.

चुका बहुतेक चांगल्या हेतूने होतात. बारा मुलांसाठी दहाच रंगपेट्या आणल्या की मारामारी होते आणि दोष मुलांवर येतो. वाढदिवसाचा केक कापून दात्याचे फोटो निघतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. ‘घर का सोडलंस?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला की मूल खोटं सांगतं आणि मग त्या खोट्याला धरून बसतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण लैंगिक अत्याचार कळल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. भडकलेल्या मुलाला धरून ठेवू नये. हातभर अंतरावर, त्याच्या उंचीला खाली बसून, कमीत कमी शब्दांत ‘तुला राग आलाय, मी इथेच आहे’ एवढंच म्हणावं.

दोन आठवडे झोप उडालेली, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत आलेलं, स्वतःला इजा, मरणाची भाषा, नशेसाठी सोल्यूशन हुंगणं, यातलं काही दिसलं तर खेळगाणी पुरणार नाहीत. सिव्हिल रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यावं, किंवा 14416 या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर विचारावं. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी.

विद्यार्थ्याचं वर्ष संपतं तेव्हा सर्वात मोठी इजा होते, कारण या मुलांना माणसं न सांगता नाहीशी होण्याची सवय असते. चार आठवडे आधी सांगावं, दर भेटीत उरलेले आठवडे बोटांवर मोजावेत. नवीन दादा किंवा ताई त्या चारही भेटींना हजर हवी. शेवटच्या दिवशी पेटीची किल्ली मुलांच्या देखत त्या नव्या दादाच्या किंवा ताईच्या हातात द्यावी.