घाडगे, नाईक यशवंत

(१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मरणोत्तर मानकरी ठरलेले मराठा सैनिक. त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक या हुद्द्यावर होते.

जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती आल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे माघार घेत होते. मात्र ही माघार पळापळीची नव्हती. डोंगरधारांवर मशीनगनची ठाणी मांडून पाठलाग करणाऱ्या फौजेला दर टेकडीसाठी किंमत मोजायला लावायची, असा त्यांचा डाव होता. त्या फौजेतील दहावी भारतीय डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून पुढे सरकत होती. १० जुलै रोजी अशाच एका भक्कम ठाण्यावर मराठ्यांच्या कंपनीने हल्ला चढवला, तेव्हा घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालील छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबतीला कोणी उरलेले नसताना घाडगे थेट ठाण्यावर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, नंतर टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलण्याइतकीही उसंत नव्हती. म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून तिच्या प्रहारांनी त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. हे सारे काही क्षणांत घडले, आणि त्यांच्या आयुष्याविषयी इतिहासाने तपशिलाने जपले आहेत ते जवळजवळ एवढेच क्षण.

घाडगे यांचे ज्ञात थडगे नाही. कॅसिनो येथील युद्धस्मशानभूमीत, थडगे नसलेल्या राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. पेरूजा प्रांतातील मोन्तोने या गावी जुलै २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले. मायदेशी, माणगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे.

याच मोहिमेत, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते युद्धातून जिवंत परतले.